आरटीओ ट्रान्सफरचे दोन एजंट, दोन गाड्या आणि मधले सात महिने

पहिल्या एजंटला १ स्टार, दुसऱ्याला ५. दोघंही पुण्यातले, दोघांचं काम एकच, जुनी गाडी विकली की आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव बदलून देणं. पहिल्याचं नाव लिहीत नाही कारण त्याच्याविरुद्धची तक्रार अजून चालू आहे, आणि दुसरे काका एकटेच सगळं बघतात, "नाव नका टाकू ताई, गर्दी झाली की कामं बिघडतात" म्हणाले, म्हणून त्यांचंही नाही. पण ज्यांनी गाडी विकायला काढलीये त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण मी जे सात महिने काढले ते कुणाच्याच वाट्याला यायला नकोत.

माझी वॅगनआर होती, २०१४ ची, पेट्रोल, एमएच १२. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑनलाइन जाहिरात टाकली, चौथ्या दिवशी हडपसरहून एक मुलगा मेकॅनिकला घेऊन आला, एक चक्कर मारली, बॉनेट उघडून बघितलं आणि २ लाख ३५ हजाराला ठरलं. १० हजार टोकन यूपीआयने, बाकीचे आरटीजीएसने, आणि खात्यात पैसे दिसल्यावरच मी चावी दिली. इथपर्यंत सगळं नीट झालं असंच वाटत होतं. ट्रान्सफरचं विचारलं तर म्हणाला माझ्या ओळखीचा एजंट आहे, तुम्ही फक्त सह्या करा मॅडम. खर्च ३,५०० सांगितला, निम्मा निम्मा करायचं ठरलं, माझे १,७५० मी एजंटला यूपीआय केले. (हे १,७५० लक्षात ठेवा, पुढे त्यांचं महत्त्व आहे.)

एजंटचं दुकान छान होतं, एसी, दोन मुलं कॉम्प्युटरवर, भिंतीवर देवाचा फोटो, चहा पण आला. त्याने टीटी फॉर्म पुढे केले, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, आणि पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या तिथे सह्या करा म्हणाला. वर सगळं कोरं. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही. मी विचारलं हे भरायचं नाही का, तर "आम्ही भरतो ना मॅडम, सगळे असंच करतात". केल्या सह्या. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम लिहून दिली.

एक गोष्ट मात्र बाबांमुळे झाली. ते बँकेत होते, कागदाशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी त्या मुलाला थांबवून डिलिव्हरी नोट लिहायला लावली. ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४०, किलोमीटर किती झालेत, दोन चाव्या दिल्या, या क्षणापासून गाडीच्या चलनाची, अपघाताची, वापराची सगळी जबाबदारी घेणाऱ्याची, खाली दोघांच्या सह्या, आधार आणि लायसन्सची झेरॉक्स त्याच्या सहीसकट. मुलगा जरा कंटाळला होता, मलाही वाटलं बाबा उगाच ताणतायत. पुढे त्या एका कागदाने मला वाचवलं.

मार्चभर एजंटला फोन केले की काम सबमिट झालंय मॅडम. एप्रिलमध्ये पहिलं चलन माझ्या मोबाइलवर आलं, सोलापूर रोडवरचं, ओव्हरस्पीडचं. मग अजून एक. मग सीटबेल्टचं. फोटो उघडून बघितला तर गाडी माझीच, नंबर माझाच, आणि चालवणारा माणूस मी आयुष्यात न बघितलेला. एजंट म्हणाला सर्व्हर डाउन होता, मग म्हणाला इलेक्शनची ड्यूटी लागलीये सगळ्यांना, मे महिना गेला, मग म्हणाला साहेब रजेवर. मी अर्ज क्रमांक मागत राहिले, तो एकदाही दिला नाही, आणि मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण अर्ज खरंच भरला असेल तर सरकारच्या परिवहन पोर्टलवर त्याला नंबर पडतोच आणि त्या नंबरवर कुणालाही घरबसल्या स्टेटस दिसतं. नंबर नाही म्हणजे अर्जच नाही.

जुलैत पोलीस स्टेशनमधून फोन आला. पुण्याबाहेरच्या. तुमच्या गाडीने टू-व्हीलरवाल्याला उडवलंय, पाय मोडलाय त्याचा, तुम्ही या. माझे हातपाय गार पडले, खरंच सांगते, बाबा बोलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. त्या मुलाने गाडी घेऊन पंधरा दिवसांतच ती बार्शीच्या माणसाला विकली होती, माझ्याच कोऱ्या फॉर्मवर. म्हणूनच फॉर्म कोरे ठेवले होते! मधल्या माणसाचं नाव कागदावर कुठेच येत नाही, त्याला गाडी नावावर करायची नसतेच, तो चार पैसे कमावून बाजूला होतो आणि आरसीवर जो आहे तो अडकतो.

आता कायद्याचं, जे मला तेव्हा वकिलांनी समजावलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(३०), मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. बस. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, हे नंतरचं. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, त्यात पहिल्या माणसाने गाडी २००७ साली विकली होती, मग ती हातोहात पुढे पुढे विकली गेली, २००९ ला अपघात झाला, आणि तरी कोर्ट म्हणालं की अपघाताच्या दिवशी रजिस्टरवर ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार, अपघातात सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी मालकांची साखळी शोधत फिरायचं नाही. आणि मला हे ऐकून आधी राग आला, पण नंतर पटलं. तो पाय मोडलेला मुलगा कुणाकुणाला शोधणार होता? रजिस्टरवर नाव माझं होतं.

माझं नशीब एवढंच की इन्शुरन्स १९ ऑगस्टपर्यंत होता. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे गेला असं धरतात, त्यामुळे समोरच्याच्या भरपाईची बाजू विमा कंपनीकडे गेली. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यायचं असतं, ते कुणी केलं नव्हतं, त्यामुळे त्या गाडीचं स्वतःचं जे नुकसान झालं त्याच्या क्लेमला अडचण आली, पण तो प्रश्न बार्शीवाल्याचा. हाच अपघात महिनाभर उशिरा झाला असता आणि तोवर कुणी पॉलिसी रिन्यू केली नसती तर? तो आकडा मी एकदा मनात मांडून बघितला होता, परत मांडायची इच्छा नाही.

पोलीस स्टेशनला आम्ही डिलिव्हरी नोट, आरटीजीएसचं स्टेटमेंट, त्या मुलाशी झालेलं सगळं चॅट प्रिंट करून नेलं. गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं काम असतं, कलम १३३, आणि आमच्याकडे सांगायला कागद होता, म्हणून तासाभरात माझा जबाब घेऊन मला सोडलं, तिथल्या मॅडम चांगल्या वागल्या. कागद नसता तर मी काय सांगणार होते, की एक मुलगा आला होता हडपसरहून?

मग वकिलांनी तीन कामं केली. घेणाऱ्या मुलाला नोटीस, एजंटला नोटीस, आणि आरटीओत माझा लेखी अर्ज, गाडी अमुक तारखेला अमुकला विकली, डिलिव्हरी नोट जोडलीये, आणि त्यावर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का. हा अर्ज खरं तर मी फेब्रुवारीतच द्यायचा होता. कलम ५० मध्ये सरळ लिहिलंय, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवस आणि सोबत एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र), आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं नाव बदलणं घेणाऱ्याचं काम, मलाही तेच वाटत होतं. फॉर्म २९ हे विकणाऱ्याचं कळवणं आहे, ते माझं काम होतं आणि मी ते एजंटवर सोडून मोकळी झाले.

सप्टेंबरात बार्शीवाल्याला विमा नव्याने काढायचा होता, नाव नाही म्हणून त्याचंच अडलं, शेवटी तो स्वतः फोन करून पुण्याला आला, बिचारा तोही फसलेलाच, त्याला वाटत होतं एजंटने सगळं केलंय. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, मी समोर बसून नावासकट भरलेल्या फॉर्मवर सही केली, चलनं ज्याच्या त्याच्या तारखेप्रमाणे हडपसरचा मुलगा आणि बार्शीवाला या दोघांनी वाटून भरली, आणि आरसीवरून माझं नाव गेलं. त्या दिवशी मला गाडी विकल्यासारखं वाटलं.

एजंटवर तक्रार कुठे केली ते सांगते, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. दोन खासगी माणसांमधल्या गाडीच्या व्यवहारात ग्राहक आयोग सहसा येत नाही, कारण मी गाड्यांचा धंदा करत नाही, एकदाच आपली गाडी विकली. तिथे सिव्हिल कोर्ट, आणि सरळ फसवणूक असेल तर पोलीस. पण एजंट पैसे घेऊन सर्व्हिस देतो, तो धंदाच आहे त्याचा, म्हणून त्याच्या बाबतीत मी ग्राहक. ते १,७५० माझ्या खात्यातून गेले होते हे इथे कामाला आलं. सगळे पैसे त्या मुलाने दिले असते तर मी ग्राहक कशी, यावरच आधी वाद झाला असता. जिल्हा आयोगात तक्रार ऑनलाइन करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची असते. तारखा पडतायत, चालू आहे.

आता दुसरे काका. मार्च २०२५ मध्ये आईची आय-टेन विकायची होती, मी एवढी धसकले होते की दोन महिने जाहिरातच टाकली नाही. मग बाबांच्या मित्राने या काकांकडे पाठवलं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि फायलींचा ढीग, एसी वगैरे काही नाही. मी गेले तर पहिला प्रश्न, "घेणारे कुठायत?" म्हटलं ते उद्या सही करतील. "मग तुम्ही पण उद्याच या, एकाच्या सहीवर मी फाइल घेत नाही." मला तिथेच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वारज्याचे ते नवरा-बायको आणि आई, सगळ्यांना बसवून त्यांनी फॉर्म आधी पूर्ण भरले, नाव, पत्ता, किंमत, तारीख, मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सह्या. गाडीपाशी जाऊन चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, आरसीशी ताडून बघितला. चलनं बाकी आहेत का ते मोबाइलवर सगळ्यांसमोर तपासलं, एक ५०० चं निघालं, आईने तिथल्या तिथे भरलं. पीयूसी संपली होती, ती काढून आणायला लावली. आणि मग आरसीकडे बघून म्हणाले, "ताई, यावर बँकेचा बोजा आहे." कर्ज २०१६ मध्येच फिटलं होतं! पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरची बँकेची नोंद आपोआप जात नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ती काढावी लागते, आणि आमच्याकडची एनओसी इतकी जुनी की बँकेकडून नवीन आणावी लागली. बारा दिवस गेले. घेणारे जरा नाराज झाले, पण काकांनी त्यांनाच समजावलं की बोजा असलेली गाडी तुमच्या नावावर होणारच नाही, थांबा. दुसरा कुणी असता तर "होऊन जाईल" म्हणून पैसे घेऊन मोकळा झाला असता.

पैशांच्या बाबतीत, त्यांनी सरकारी फी वेगळी आणि स्वतःची फी वेगळी लिहून पावती दिली. अर्ज भरला त्याच संध्याकाळी अर्ज क्रमांक मला आणि घेणाऱ्यांना दोघांना पाठवला. तीन आठवड्यांत पोर्टलवर नाव बदललेलं दिसलं, आईचं नाव गेलं, फोन करून त्यांनी स्वतः सांगितलं. फास्टॅग बंद करून घ्या, तो आईच्या खात्याला जोडलेला आहे, हे पण त्यांनीच आठवण करून दिली. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यावर मिळणाऱ्या सवलतीचं पत्र घ्यायला सांगितलं, कारण तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आईचा ५० टक्के झाला होता, पत्र घेतलं की ३ वर्षांत नवीन गाडीच्या विम्याला वापरता येतो. वॅगनआरच्या वेळी माझा असाच वाया गेला, कुणी सांगितलंच नव्हतं.

एक वाद मात्र इथेही झाला आणि तो काकांमुळे वाढला नाही. गाडी दिल्यावर वीस दिवसांनी घेणाऱ्यांचा फोन, एसीचा कॉम्प्रेसर गेलाय, १४ हजार खर्च आहे, तुम्ही द्या. आई घाबरून देऊन टाक म्हणाली. मी काकांना विचारलं, त्यांनी फाइलमधला कागद काढला. विक्रीच्या वेळी त्यांनी आमच्याकडून लिहून घेतलं होतं, डावा दरवाजा पुन्हा रंगवलाय, क्लच कधीतरी करावा लागेल, एसी आज चालू आहे, घेणाऱ्याने स्वतःच्या मेकॅनिककडून गाडी तपासून जशी आहे तशी घेतली, आणि खाली त्यांची सही. वकिलांकडून नंतर खात्री करून घेतली. वस्तू विक्री कायदा १९३०, जुन्या वस्तूच्या खासगी विक्रीत बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम, आपण वेगळी गॅरंटी दिली नसेल तर नंतर बिघडलं म्हणून पैसे मागता येत नाहीत. पण विकणाऱ्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं, मीटर मागे फिरवला, मोठा अपघात झालेला असताना "एक ओरखडा नाही" म्हटलं, तर करार कायदा १८७२ प्रमाणे ती फसवणूक, आणि घेणारा व्यवहार मोडू शकतो, नुकसान मागू शकतो. म्हणून विकणाऱ्यानेही दोष लिहून द्यावेत असं माझं ठाम मत झालंय, त्याने किंमत पाच हजार कमी येईल पण रात्री झोप लागते. मी त्या ताईंना कागदाचा फोटो पाठवला, नीट बोलले, आणि आमचा एसीवाला स्वस्तात करतो त्याचा नंबर दिला. ९ हजारात झालं त्यांचं. अजून बोलतात माझ्याशी.

एजंट नको आणि घेणारा पण शोधायला नको असं असेल तर डीलरचा रस्ता आहे, माझ्या भावाने नाशिकला तसं केलं, त्याबद्दल थोडंसंच. १ एप्रिल २०२३ पासून नियम आलाय की जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरकडे आरटीओचं ऑथरायझेशन हवं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरून आरटीओला कळवायचं, मग पुढे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडीचा मालक तो डीलरच धरला जातो. भावाला पहिल्या दोन ठिकाणी या फॉर्मचं नावही काढू देईनात, तिसऱ्याने स्वतःहून भरला. किंमत त्याला खासगी विक्रीपेक्षा वीसेक हजार कमी मिळाली. मला विचाराल तर ज्यांना लोकांना भेटायला, घासाघीस करायला वेळ नाही त्यांना ते परवडतं, पण २९सी ची पोच हातात आल्याशिवाय चावी देऊ नका.

पहिल्यासारख्या एजंटकडे तुमची फाइल पडून असेल, म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून आला असाल आणि महिना दोन महिने झाले असतील, तर आजच एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा मालक कोण दिसतोय. तुमचंच नाव दिसत असेल तर त्याच्या फोनची वाट बघू नका, विक्रीच्या कागदांसह आरटीओत लेखी अर्ज द्या, शिक्का घ्या, आणि घेणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. चॅट डिलीट करू नका.

ओळखीतून या काकांपर्यंत पोचलात तर सकाळी साडेदहाच्या आत जा, दुपारी ते आरटीओत असतात, भेटत नाहीत. विकणारा आणि घेणारा दोघंही हवेत, ओरिजिनल आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार-पॅनच्या दोन दोन झेरॉक्स, आणि गाडी सोबत न्या, छाप घ्यायचा असतो. पार्किंगला जागा नाही, आम्ही मागच्या शाळेच्या गल्लीत लावली होती.